संकष्टीची ओहोटी

मी जळकुटी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारपणी सारवासारव केली असं कुणी म्हणायला नको. कुणाची वेणी लांब असली, कुणाचा चित्रकलेत पहिला नंबर आला, कुणाची मावशी दिवाळीला परकराचं कापड घेऊन आली, की माझ्या पोटात दुखायला लागे. पण ही दुखणी दोन दिवसांची असत. एकदाच ते दुखणं दीड वर्ष टिकलं, आणि त्यापायी मी माझ्या वडिलांना खाडीत बुडवायच्या बेतात आणलं. तेव्हा मी बारा वर्षांची होते. ही गोष्ट माझ्याखेरीज आणखी एकाच व्यक्तीला ठाऊक होती आणि माझा खरा राग तिच्यावर आहे.

आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहत होतो. लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती. बाबा फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. सोमवार ते शनिवार ते आळीतल्या इतर बाबांसारखेच असत, म्हणजे काळी टोपी, जेवणाचा डबा, छत्री आणि कपाळाला आठी. रविवारी मात्र त्यांच्या अंगात यायचं. लढाईनंतर चोरबाजारात लष्करी सामानाचे ढीग येऊन पडले होते, त्यातून त्यांनी एक जडशीळ दुर्बीण उचलून आणली होती. ती गळ्यात अडकवायची, सायकलच्या कॅरियरवर मला बसवायचं आणि उजाडता उजाडता कोलशेतच्या अंगाला खाडीवर जायचं, हा आमचा रविवार. खाडीवर पक्षी बघायचे. आळीतले लोक हसायचे. माणसं रविवारी बाजारात जातात, सासुरवाडीला जातात, हे चालले बगळे मोजायला, असं शेजारचे काका उघड म्हणत.

माझे दोन्ही थोरले भाऊ रविवारी झोपून राहत. आईला चिखलाच्या कपड्यांचा वैताग, त्यामुळे तिने खाडीचं नावच टाकलं होतं. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस बाबा कचेरीचे, आणि सातव्या दिवशी एकट्या माझे. पक्ष्यांची वही माझ्याकडे होती. बाबा दुर्बिणीला डोळे लावून बोलत आणि मी बांधावर बसून लिही. जागा, वेळ, पक्षी, किती, काय करत होता. माझं अक्षर चांगलं होतं. परत येताना बाबा सायकल हातात धरून चालत आणि माझ्याशी मोठ्या माणसासारखं बोलत. एवढंच माझं राज्य होतं, पण त्यात दुसरं कुणी नव्हतं.

मग कोलशेतची ती उपटली.

माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा बोटभर उंच. तिचे वडील मिठागरावर कामाला होते आणि उरलेल्या वेळात खाडीत जाळं टाकत. बांधाला लागूनच त्यांचं घर होतं. पहिल्यांदा दिसली तेव्हा ती डोक्यावर चिंबोऱ्यांची टोपली घेऊन चिखलातून वर येत होती. बाबा एका करड्या, लाल पायांच्या पक्ष्याकडे बघत 'कोणता गं हा, कोणता' म्हणून पुस्तकाची पानं उलटत होते. पुस्तक इंग्रजी होतं, पानं ओली झाली होती आणि पक्षी काही सापडत नव्हता. ती थांबली, आमच्याकडे बघितलं आणि 'ड'च्या जागी 'र' येणाऱ्या तिच्या बोलीत म्हणाली, "तो राखन्या. मानूस दिसला का पयला तोच बोंबलतो. मंग बाकीचे उरतात."

ती असं म्हणते न म्हणते तोच त्या पक्ष्याने कर्कश शिट्ट्या मारायला सुरुवात केली आणि चिखलावरचा अख्खा थवा उठला.

"अरे वा," बाबा म्हणाले.

माझं दुखणं सुरू झालं ते त्या 'अरे वा'पासून. मला कधी 'अरे वा' मिळालं नव्हतं. मला 'नीट लिहिलंस का' मिळत असे.

त्यानंतर ती दर रविवारी हजर. आमची सायकल तिच्या अंगणात ठेवायची असं ठरलं, म्हणजे तिला टाळायचीही सोय राहिली नाही. बाबांच्या हातात पुस्तक दिसायचं म्हणून ती त्यांना 'मास्तर' म्हणायची. मी एकदा फणकाऱ्याने सांगितलं की ते मास्तर नाहीत, हेडक्लार्क आहेत. बाबा हसून म्हणाले, "म्हणू दे की." त्यांना ते आवडलं होतं. पुढे त्यांनी वहीत एक नवा रकाना आखला. इंग्रजी नाव, मराठी नाव, आणि तिसरा रकाना तिच्या नावांचा. तो भरायचा कुणी, तर मी. ती चिखलातून ओरडून सांगायची आणि मी दात-ओठ खात सुवाच्य अक्षरात लिहायचे.

तिला सगळं यायचं. कुठला चिखल पाय धरतो आणि कुठला सोडतो हे तिला रंगावरून कळे. मी दोनदा मांडीपर्यंत रुतले आणि दोन्ही वेळा तिने मला काखेत हात घालून उपटून काढलं, भाजी उपटावी तसं. निवट्या नावाचे ते चिखलावर उड्या मारणारे विचित्र मासे ती नुसत्या हाताने पकडून माझ्या ओंजळीत सोडे. त्यांचं ते गार, वळवळणारं अंग, बटबटीत डोळे, आणि ओंजळीतून निसटताना होणारी गुदगुली मला अजून आठवते. तिवरांच्या मुळ्यांवर बसून आम्ही दोघी पाण्यात पाय सोडायचो. खंड्या सूर मारून मासा घेऊन यायचा आणि फांदीवर आपटून आपटून त्याला मारायचा. मला आनंद होत होता, हे कबूल केलं पाहिजे. तो तिच्यामुळे होत होता, हे सोसत नव्हतं.

आणि बाबा तिच्याकडे ज्या नजरेने बघत ती नजर. एकदा त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून आधी तिच्या हातात दिली. आधी तिच्या. तिने डोळ्याला लावली, इकडेतिकडे फिरवली, परत दिली आणि म्हणाली, "येवरा जवल आनून काय करायचा? तसा पन दिसतोच हाय." बाबा खो खो हसले. घरी आल्यावर आईलाही त्यांनी हे सांगितलं. रात्रीच्या जेवणात मला कढी गोड लागली नाही.

माझाही नंबर लागला तो पाऊणकीमुळे, म्हणजे पाऊणच्या पाढ्यामुळे.

बाबांना भरती-ओहोटीच्या वेळा हव्या असायच्या, कारण पक्षी चिखलावर उतरतात ते ओहोटीला. एका रविवारी तिच्या वडिलांशी बोलताना त्यांना समजलं की ही मंडळी पाण्याची वेळ तिथीवरून ओळखतात. अमुक तिथीला अमुक वेळी भरती, असं त्यांच्या तोंडी बसलेलं होतं. बाबांनी चार-पाच तिथी विचारून घेतल्या, पेन्सिलीने आकडे मांडले आणि एकदम मांडीवर थाप मारली. तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या भरतीची वेळ निघत होती. मुंबईच्या बंदरातून पाणी आमच्याकडे चढून यायला तासभर लागतो, तो मिळवायचा, की झालं कोलशेतचं उत्तर. त्यातून सव्वासहा तास वजा केले की ओहोटी संपून पाणी फिरण्याची वेळ.

"पाऊणकी म्हण बघू," बाबा मला म्हणाले.

आमच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. मी बांधावर उभी राहिले आणि एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन अशी पंधरापर्यंत न अडखळता म्हणून दाखवली. ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. दुसरीतून शाळा सुटलेली पोर, तिला पाऊणकी कुठून येणार? "आजपासून पाण्याचं खातं तुझं," बाबा म्हणाले. त्या रविवारी सायकलच्या कॅरियरवर मी ताठ बसून घरी आले.

तेव्हापासून दर शनिवारी मी पंचांगात तिथी बघायची, गुणाकार करायची आणि वहीत रविवारच्या ओहोटीची वेळ लिहून ठेवायची. पाच-सहा रविवार वेळ मिनिटांवर जुळली. बाबांनी माझ्या पाठीवर थोपटलं. ती मात्र पाण्याकडे बघून तीच वेळ सांगायची, आणि मला तोंड वाकडं करावं लागायचं.

खाडीच्या मधोमध तिवरांचा एक उंचवटा होता. त्याला आम्ही बेट म्हणत असू. त्याच्या पलीकडच्या चिखलावर थंडीत उत्तरेकडून आलेली बदकं आणि लांब चोचींचे पक्षी हजारांनी उतरतात असं तिचे वडील सांगत. इकडून ते दिसत नसत. बेटाच्या आणि आमच्या बांधाच्या मध्ये पाण्याची एक चिंचोळी पट्टी होती. पूर्ण ओहोटीला तिच्यात गुडघाभर पाणी राही आणि एका जुन्या फुटक्या बांधाचे दगड खाली होते, त्यांवरून पलीकडे जाता येई. दगडांच्या दोन्ही बाजूंना चिखल होता आणि भरतीला तिथे पुरुषभर पाणी चढे. बाबांनी त्या बेटावर जायचं ठरवलं. वर्षभर ते ह्याच्यासाठी झुरत होते. बाबांना पोहता येत नव्हतं. ठाण्यात इतके तलाव असून नौपाड्यातल्या आमच्या घरात कुणालाच येत नव्हतं.

पौषातला तो शनिवार. शेजारच्या काकूंनी मुलीच्या लग्नाचे मुहूर्त बघायला आमचं पंचांग नेलं होतं. माझं काही अडलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. आई सकाळपासून साबुदाण्याचं बोलत होती. संकष्टी म्हणजे चतुर्थी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. चार पाऊण तीन. त्यात एक मिळवला, चार वाजता भरती. सव्वासहा तास मागे गेलं की पावणेदहा. मी वहीत लिहिलं, 'रविवार, चतुर्थी, पाणी फिरेल सकाळी पावणेदहा वाजता', आणि खाली रेघ मारली. बाबांनी वाचून मान डोलावली. साडेआठला पलीकडे जाऊ, साडेदहाच्या आत परत येऊ, असा त्यांनी बेत केला.

रविवारी पहाटे बाबा सायकलमध्ये हवा भरत होते तेव्हा काकू पंचांग परत घेऊन आल्या. आईने तिथेच दिव्यापाशी ते उघडलं. तिला चंद्रोदय बघायचा होता. "आज संध्याकाळपर्यंत तृतीयाच आहे," ती काकूंना म्हणाली, "चतुर्थी लागतेय त्यानंतर." काकू म्हणाल्या, "चालायचंच. चंद्र उगवताना चतुर्थी असली म्हणजे संकष्टी."

मी वेणी घालत होते. माझे हात थांबले. तृतीया. तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे पाणी पावणेदहाला नाही, नऊलाच फिरणार. उपासावरून तिथी धरली ती चुकली होती.

मी तेव्हाच का बोलले नाही? कारण बाहेर बाबा शेजारच्या काकांना सांगत होते, "पाण्याचं सगळं आमची ही बघते. हिशेब पक्का." काका चक्क हसले नाहीत. त्यांच्या तोंडावर माझी चूक सांगायची माझी तयारी नव्हती. वाटेत सांगू म्हटलं. वाटेत थंडी होती, मी बाबांच्या पाठीमागे कोटात तोंड खुपसून बसले होते, आणि बाबा इतके खुशीत होते की चढावरही उतरत नव्हते. कोलशेतला पोचल्यावर सांगू म्हटलं. खरंच सांगणार होते. वाक्यसुद्धा तयार केलं होतं.

अंगणात सायकल टेकवली. ती काठी घेऊन उभीच होती. बाबा म्हणाले, "चला, पावणेदहाला पाणी फिरतंय, भरपूर वेळ आहे."

"नाय मास्तर," ती म्हणाली. "आज पानी नऊला फिरल."

बस्स. ते तयार वाक्य मी टाकून दिलं. आता मी खरं सांगितलं असतं तर ते माझं राहिलंच नसतं, तिचं झालं असतं. पंचांग नाही, पाऊणकी नाही, अडाणी पोर, आणि तरी तिचंच बरोबर. बाबा पुन्हा म्हणाले असते, 'अरे वा.'

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय गं? नीट बघितलंस ना?"

"चतुर्थी आहे," मी म्हटलं. "चार पाऊण तीन."

बाबांनी क्षणभर दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. माझ्या आयुष्यात त्या एका क्षणाइतकं मी देवाला कधी विनवलं नसेल. मग ते तिला समजुतीच्या सुरात म्हणाले, "हिने हिशेब केलाय, बाळ. हिशेबात चूक नसते." मी जिंकले होते. तिने खांदे उडवले आणि म्हणाली, "मंग मी पन येते." बाबांना वाटलं तिलाही पक्षी बघायचे आहेत.

दगडांवरून जाताना पाणी माझ्या गुडघ्याच्या खालीच होतं. बेटावर तिवरांमधून वाकून वाट काढली आणि पलीकडच्या काठाला येऊन तिघंही जागच्या जागी बसलो. तसं दृश्य मी नंतर कधी पाहिलं नाही. ओल्या चिखलावर ऊन पडून सगळी खाडी उजळली होती आणि नजर जाईल तिथवर पक्षीच पक्षी. काही चोची खुपसून भराभर चालत होते, काही एका पायावर झोपले होते. बदकांच्या रांगाच्या रांगा पाण्याच्या कडेला बसल्या होत्या. मधेच कशाने तरी थवा उठायचा, हवेत वळायचा, वळताना सगळा पांढरा व्हायचा आणि पुन्हा चिखलावर उतरायचा. पंखांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता.  दुर्बीण खाली करून बाबांनी चष्मा पुसला, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "लिहू नकोस," ते मला म्हणाले. "आज नुसतं बघ."

मी बघत होते, पण पाण्याकडे. नऊ वाजून गेले होते. काठाशी गवताच्या काड्या तरंगत होत्या. आलो तेव्हा त्या समुद्राकडे चालल्या होत्या, मग काही वेळ जागच्या जागी फिरल्या, आणि आता हळूहळू उलट, वरच्या बाजूला निघाल्या होत्या. मी मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती. काड्यांकडे नाही, माझ्याकडे.

"मास्तर, पानी फिरला," ती म्हणाली.

बाबांनी दुर्बिणीतून डोळे न काढता विचारलं, "काय गं, किती वाजता म्हणालीस?"

"पावणेदहा," मी म्हटलं. "हिशेब बरोबर आहे."

हे दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी मी फसले होते असं म्हणता येईल. ह्या वेळी काड्या माझ्या डोळ्यांसमोर उलट चालल्या होत्या.

ती आणखी दोनदा म्हणाली. दहाच्या सुमाराला तिने बाबांच्या कोटाची बाहीच धरली, तेव्हा ते उठले. समोरचा चिखल तोवर अर्धा झाला होता. तिवरांतून परत येईपर्यंत आमच्या पायाखाली पाणी आलं होतं. पौर्णिमेनंतरचं उधाणाचं पाणी ते, त्याला थांबायला वेळ नसतो. दगड कुठेच दिसत नव्हते. नुसतं मातकट पाणी एका बाजूला ओढ घेत चाललं होतं आणि पलीकडे आमचा बांध होता, अगदी हाक मारण्याच्या अंतरावर.

ती काठीने दगड चाचपत पुढे, तिच्या कमरेचा पदर धरून मी, माझ्या मागे दुर्बीण डोक्यावर धरलेले बाबा. माझ्या डोक्यावर वही होती. पाणी गार, आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. ती सारखी म्हणत होती, "पाय उचलू नको. घसटत ये." अर्ध्याहून जास्त अंतर आलो असू. मागे एकदम खळबळ झाली. वळून बघते तो बाबांची टोपी पाण्यावर होती आणि बाबा नव्हते.

दगडावरून त्यांचा पाय सुटला होता. डोकं वर आलं, पुन्हा आत गेलं. एक हात वर होता. ती मला म्हणाली, "हितंच उबी ऱ्हा, हलू नको," आणि माझ्या बाजूने मागे गेली, दगड नसलेल्या बाजूने, मानेपर्यंत पाण्यातून. तिने काठी पुढे केली. बाबांनी ती पकडली. तिने पाय रोवून, दात खाऊन त्यांना दगडावर ओढलं. मी वही डोक्यावर धरून उभी होते. मला भयंकर भीती वाटली. आणि भीतीच्या पाठोपाठ हेही वाटलं, की काठी तिच्या हातात का. मी वही टाकून माझा हात का नाही पुढे केला. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

बांधावर आल्यावर बाबा बराच वेळ ओकत, खोकत बसले होते. दुर्बिणीतून पाणी गळत होतं. तिच्या आईने आम्हाला घरात नेलं, चुलीपाशी बसवलं, बाबांना कोरं धोतर दिलं आणि आमचे कपडे उन्हात टाकायला बाहेर गेली. आतल्या खोलीत आम्ही दोघीच होतो, ती मला तिचा परकर देत होती. माझे दात वाजत होते. ती हळू आवाजात म्हणाली, "तुना ठाव व्हता."

मी परकराची नाडी बांधत राहिले.

"पानी फिरलेला तू बघितलास. मी बघत व्हती तुज्याकरं."

 'सांगू नकोस' असं मी म्हटलं नाही. तिच्याकडे काही मागायचं हे मला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं असतं. मी फक्त ठरवलं की आता सगळं संपलं. बाहेर जाऊन ती सांगणार, बाबा माझ्याकडे बघणार, आणि मग रविवार तिचे.

चुलीपाशी बाबा दोन्ही हातांत चहाचा कप धरून बसले होते. त्यांनी तिला जवळ बोलावलं. "मी तुझं ऐकलं नाही," ते म्हणाले. "तू सकाळीच नऊ म्हणालीस. कशावरून म्हणालीस, ते मला सांग. आमचा हिशेब कुठे चुकला?"

मी दारात उभी होते. तिने एकदा माझ्याकडे बघितलं.

"माजा नुसता अंदाज व्हता, मास्तर," ती म्हणाली. "कवा लागतो, कवा नाय. आज पानीच येरा झाला."

बाबांनी हळूहळू मान हलवली. मग माझ्याकडे वळून, जरा हसायचा प्रयत्न करत ते म्हणाले, "तुझी पाऊणकी चुकली नाही हो. वारा असणार. वाऱ्याचा आपण विचारच केला नव्हता." त्यांनी मला वही उघडायला लावली आणि सांगितलं तसं मी लिहिलं, 'वाऱ्यामुळे पाणी पाऊण तास लवकर फिरले.' पाऊण तास म्हणजे बरोब्बर एका तिथीचा फरक. बाबांच्या ते लक्षात यायला हवं होतं. पण माझा हिशेब पुन्हा तपासून बघावा, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यानंतर ती आमच्याबरोबर यायची बंद झाली. आम्ही गेलो की ती मिठागरावर असायची, किंवा टोपली घेऊन लांबून जायची. बाबा हात वर करून हाक मारत, ती हात वर करून उत्तर देई आणि पुढे निघून जाई. दोन वर्षांनी तिचं लग्न होऊन ती मानपाड्याकडे गेली असं तिच्या आईकडून कळलं. बाबांनी हळहळून विचारलं, "तिथे खाडी आहे का जवळ?" तिची आई हसली.

रविवार पुन्हा माझे झाले. बाबा, वही, बांध, परतीच्या वाटेवरच्या गप्पा, सगळं जसंच्या तसं. मला हवं होतं ते सगळं मिळालं, आणि ते मला तिने दिलं होतं, मी न मागता, एका वाक्यात. पक्ष्यांची नावं, चिखलातली वाट, पाण्याची वेळ, ह्या सगळ्यावरून मी तिच्यावर जळले, पण ते निदान शिकता येण्यासारखं होतं. पुढे मी बरंचसं शिकलेसुद्धा. ते वाक्य मात्र मला आजही जमणार नाही, आणि त्यावरून मी तिच्यावर अजून जळते. तिच्या जागी मी असते तर तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, सांगून मोकळी झाले असते.